हरणांसाठी पेरलेले रान

तळवडे हे इंद्रायणीकाठचे गाव. देहू-आळंदी रस्ता त्याच्या अंगावरून जातो, नदीपलीकडे चाकणच्या बाजूचे कारखाने आणि अलीकडे संगणक उद्योगाच्या इमारती. १९९७ साली आसपासच्या आणखी काही गावांबरोबर ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. गावाला मोठे गायरान होते. गायरान म्हणजे गावच्या जनावरांनी चरायची सामाईक जमीन. शहराच्या विकास आराखड्यात या गायरानावर आरक्षण पडले, तेही हरणांच्या बागेचे, म्हणजे 'डियर पार्क'चे. पुढे त्याच जागेसाठी जैवविविधता उद्यानाची योजना पुढे आली.

गाईंच्या चराईच्या जागी हरणे आणायची, ही कल्पना ऐकायला गोड आहे. वर्गात सांगितली तर मुले लगेच विचारतील, 'हरणे येणार कुठून?' हा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न दुसराच आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही : ती खाणार काय, आणि ते कोण पेरणार? हरणासाठी चारा पेरण्याचा उद्योग माणूस फार जुन्या काळापासून करत आला आहे. त्याचा इतिहास पाहिला तर तळवड्यासारख्या जागेकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहता येते.

आधी एक खुलासा. मराठीत आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा यांच्या नरांची शिंगे दरवर्षी झडतात आणि नवी येतात. बहुतेकांच्या शिंगांना फाटे असतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची शिंगे आयुष्यभर टिकतात, त्यांना फाटे नसतात. ही मंडळी गाय-शेळीच्या कुळातली. चाऱ्याच्या दृष्टीने मात्र या साऱ्यांत एक समान गोष्ट आहे. सगळे रवंथ करतात. हा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

पेरणीच्या आधी माणसाकडे आग होती. वाळलेले गवत पेटवले की थोड्याच दिवसांत जळलेल्या बुडख्यांतून कोवळे कोंब फुटतात. आजूबाजूला सगळे रान पिवळे असताना तेवढाच तुकडा हिरवा दिसतो आणि हरणे तिथे जमतात. जगातल्या अनेक शिकारी समाजांनी ही युक्ती स्वतंत्रपणे शोधली : उत्तर अमेरिकेत हरणांसाठी, ऑस्ट्रेलियात कांगारूंसाठी. याचे कारण कोंबाच्या रंगात नसून त्यातल्या प्रथिनांत आहे. आपल्या दख्खनच्या गवतात पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रथिने भरपूर असतात. गवत फुलून वाळले की ती झपाट्याने घटतात. चाऱ्यातल्या प्रथिनांचे प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव नीट काम करेनासे होतात. मग पोट भरलेले असले तरी जनावर खंगत जाते. एप्रिल-मेमध्ये डोंगरावर गवत उभे दिसते आणि तरी गुरांच्या बरगड्या मोजता येतात, त्याचे उत्तर यात आहे.

प्रत्यक्ष पेरणीचा एक अतिशय जुना उल्लेख पाली वाङ्मयात सापडतो. मज्झिम निकायात 'निवाप सुत्त' नावाचे एक सूत्र आहे. निवाप म्हणजे हरणांसाठी पेरलेला किंवा टाकलेला चारा. बुद्ध भिक्षूंना सांगतात की निवाप पेरणारा माणूस हरणांनी सुखाने जगावे म्हणून तो पेरत नाही; त्यांनी बेसावध होऊन खावे आणि आपल्या हाती लागावे म्हणून पेरतो. मग चार कळपांची गोष्ट येते. पहिला कळप बेधडक चरतो आणि सापडतो. दुसरा त्या वाटेला जायचेच नाही असे ठरवून दाट अरण्यात शिरतो; पण उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात गवत आणि पाणी संपते, अंगातली ताकद जाते, आणि तो पुन्हा त्याच पेरलेल्या चाऱ्याकडे येतो व सापडतो. तिसरा कळप सावधपणे चरतो, पण जवळच मुक्काम ठेवतो. पेरणारा त्याच्या मुक्कामाभोवती कूड घालतो. चौथा असा मुक्काम शोधतो की जिथे पेरणारा पोहोचूच शकत नाही.

सूत्राचा विषय अर्थातच हरीण नाही, मनाची आसक्ती आहे. पण दृष्टांत देणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना रान किती बारकाईने माहीत होते ते पाहा. दुसऱ्या कळपाचा पराभव शिकाऱ्याने केला नाही, ज्येष्ठ महिन्याने केला. आज वनाधिकारी याच काळाला टंचाईचा काळ म्हणतात, आणि एखाद्या जंगलात किती हरणे जगतील हे वर्षभरातल्या सरासरी चाऱ्यावरून न ठरवता या दीड-दोन महिन्यांवरून ठरवतात.

निग्रोधमृग जातकात हीच गोष्ट आणखी पुढे जाते. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाला शिकारीचे वेड. रोज प्रजेला हाकारे घालायला बोलावी आणि लोकांची शेतीची कामे खोळंबत. लोकांनी तोड काढली. राजाच्याच उद्यानात हरणांसाठी चारा पेरला, पाण्याची सोय केली, रानातून कळप हाकत आणून आत घातले आणि दरवाजा लावून घेतला. आता राजाने घरबसल्या शिकार करावी! पुढची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते : रोज एक हरीण पाळीने जाते, गाभण हरिणीची पाळी येते, तिच्याऐवजी कळपाचा नायक स्वतः मान पुढे करतो, राजा द्रवतो आणि सर्व प्राण्यांना अभय देतो.

शाळेत गोष्ट इथे संपते. मूळ जातक संपत नाही. अभय मिळालेली हरणे बाहेर पडून लोकांची पिके खाऊ लागतात. राजाचे अभय असल्यामुळे लोकांना काठी उगारता येत नाही. तक्रार राजापर्यंत जाते. तो शब्द फिरवायला तयार नाही. शेवटी कळपाचा नायकच हरणांना पिकात तोंड घालू नका म्हणून समजावतो, आणि शेतकऱ्यांनी कुंपण न घालता शेताच्या कडेला पानांची खूण बांधावी असे ठरते. ही खूण पाळणारी हरणे आजच्या शेतकऱ्याला मिळत नाहीत. बाकी सगळी कथा आजची वाटते.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या मृगवनाचा आराखडाच दिला आहे. भोवती खंदक, आत जायला एकच दार, गोड फळांची झाडे, झुडपांच्या जाळ्या, उथळ पाणी आणि काटे नसलेले वृक्ष. आत माणसाळलेली हरणे, आणि वाघासारखे प्राणी ठेवायचे तर त्यांची नखे व दात काढून टाकलेली. याखेरीज सर्व प्राण्यांना पाहुण्यासारखे राहता येईल असे दुसरे मृगवनही असावे, असे तो सांगतो. काटे नसलेले वृक्ष राजाच्या अंगरख्यासाठी, की हरणांसाठी? मला वाटते पहिलेच कारण असावे. आपल्या कोरड्या प्रदेशातली हरणे काटेरी बाभूळवर्गीय झाडांवर मोठ्या प्रमाणात जगतात. त्यांच्या शेंगा नेमक्या टंचाईच्या दिवसांत गळतात आणि त्यांत प्रथिने भरपूर असतात. काळवीट शेंगा खाते, बिया लेंड्यांतून दूरवर पडतात आणि नवी झाडे उगवतात. राजाच्या सोयीने केलेली बाग आणि हरणाच्या सोयीचे रान यांत किती अंतर असते, याचा हा जुना नमुना.

महाराष्ट्रात चारा राखण्याची परंपरा हरणांसाठी नव्हती. ती घोड्यांसाठी होती. शिवकालात आणि पेशवाईत राखीव कुरणे असत, गवत कापून त्याच्या गंजी रचल्या जात. हे गवत कोणी पेरत नसे. चराईबंदी केली की आपोआप येई. दख्खनच्या पठाराचे हेच वैशिष्ट्य आहे. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी भारतातल्या गवताळ आच्छादनाचा मोठा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. देशातल्या गवताळ प्रदेशांचे त्यांनी जे मुख्य प्रकार पाडले, त्यांत आपले पठार पवन्या आणि मारवेल या गवतांच्या प्रकारात मोडते. ही दोन्ही बहुवर्षायू, म्हणजे मुळे जमिनीत टिकून दरवर्षी पुन्हा फुटणारी गवते. चराई वाढली की आधी हीच जातात, कारण तीच गोड असतात. मग कुसळीचे राज्य येते. कुसळी कोवळी असताना बरी. पिकल्यावर तिची कुसळे जनावराच्या ओठांत नि हिरड्यांत रुततात. आणखी चराई झाली की पावसाळ्यापुरती उगवणारी एकवर्षायू गवते आणि तरोटा उरतो. एखाद्या गायरानावर उभे राहून नुसते गवत ओळखले तरी तिथला मागच्या काही दशकांचा इतिहास सांगता येतो.

आता आधुनिक काळातले उदाहरण, आणि तेही अगदी आपल्या घरातले. सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या शिवेवर सागरेश्वराचे डोंगर आहेत. जवळच देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. डोंगर पार उघडेबोडके झाले होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यांवर झाडे लावण्याचा ध्यास घेतला. सहकारी जमवले, शासनाच्या मागे लागले, झाडी वाढली; मग त्या झाडीत चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले. १९८५ साली त्याचे अभयारण्य झाले. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. माणसाने लावून तयार केलेले अभयारण्य म्हणून त्याची ख्याती झाली, आणि ती योग्यच होती. ओसाड डोंगरावर हे करून दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण पुढे काय झाले? पाणी होते, चारा होता, आणि कळपाला आवर घालील असा मोठा शिकारी प्राणी सुरुवातीला नव्हता. हरणे वाढली. डोंगराची मुरमाड जमीन मात्र तेवढीच राहिली. उन्हाळ्यात आतले गवत संपते आणि कुंपणापलीकडे कृष्णाकाठची बागायती शेती हिरवीगार असते. हरणे कुठल्याशा फटीतून बाहेर पडू लागली, पिके खाऊ लागली, गावकुत्र्यांच्या तोंडी सापडू लागली. जातकातला शेवटचा भाग जसाच्या तसा! अलीकडच्या वर्षांत सागरेश्वरातली हरणे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्याचे काम हाती घेण्यात आले. तिथे वाघाला भक्ष्य कमी, इथे खाणारी तोंडे जास्त. माणसाने वसवलेल्या डोंगरावरचे चितळ वाघाच्या जंगलात गेले, हा इतिहास मोहित्यांच्या झाडांपासून सुरू झाला हे विसरू नये.

दिल्लीच्या हौज खास भागातल्या हरीण उद्यानाचे गणित मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. १९६०च्या दशकात अर्ध्या डझन हरणांनी सुरुवात झाली. २०२३ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्याची मान्यता काढली तेव्हा तिथे सुमारे ६०० हरणे असल्याचे सांगितले गेले. सहाचे सहाशे होण्यासाठी संख्या किती वेळा दुप्पट व्हावी लागते? साडेसहा वेळांहून थोडे जास्त. पंचावन्न-साठ वर्षांत हे झाले, म्हणजे दर आठ-नऊ वर्षांनी दुप्पट. चितळाची मादी भरपूर चारा मिळाला तर जवळजवळ दरवर्षी वीत असते. तेव्हा हा वेग जास्त आहे की कमी, आणि कमी असेल तर उरलेली पाडसे कुठे गेली, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकते.

या विषयावरचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या कैबाब पठाराचे. १९०६ साली ते हरणांसाठी राखीव झाले, प्यूमा व लांडग्यांसारख्या शिकारी प्राण्यांना मारण्यात आले, हरणे बेसुमार वाढली, त्यांनी पठार ओरबाडून खाल्ले आणि १९२४ नंतर ती उपासमारीने मेली. जीवशास्त्राच्या कित्येक पुस्तकांत याचा आलेख आहे : चार हजारांवरून एक लाखापर्यंत चढणारी आणि मग कोसळणारी रेघ. १९७० मध्ये ग्रॅहम कॉगली या शास्त्रज्ञाने तो आलेख तपासला. त्याला आढळले की एक लाख हा आकडा एका पाहुण्याचा अंदाज होता. त्याच वेळी तिथल्या वन अधिकाऱ्याचा अंदाज ३० हजारांचा होता. शिवाय त्याच काळात पठारावरच्या मेंढ्या आणि गुरे मोठ्या प्रमाणात कमी झाली होती. म्हणजे हरणे वाढली ती शिकारी गेले म्हणून, की चाऱ्यातले वाटेकरी गेले म्हणून? पुढे २००६ मध्ये तिथल्या अ‍ॅस्पेन झाडांची वये वार्षिक वलयांवरून मोजण्यात आली. ज्या वर्षांत हरणे फार होती असे म्हणत, त्या वर्षांत जगलेली रोपे फारच थोडी निघाली. हरणे खरोखर खूप वाढली होती, एवढे त्यावरून दिसते. पुस्तकातला आलेख चूक, पण घटना खरी! पाठ्यपुस्तकातली रेघ कशी तयार होते हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

चारा कमी पडतो तर पौष्टिक चारा बाहेरून आणून लावावा, असे कुणालाही वाटेल. त्याचीही एक गोष्ट आहे. सुबाभूळ हे मूळचे मध्य अमेरिकेतले झाड. पाला प्रथिनांनी भरलेला, वाढ झपाट्याची. १९७०-८०च्या दशकांत महाराष्ट्रात त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण सुबाभळीत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात नुसत्या सुबाभळीवर पोसलेल्या गुरांचे केस गळू लागले, गळ्याच्या ग्रंथी सुजल्या. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स यांनी शोध घेतला तेव्हा फरक शेळी आणि गाय यांच्यात नव्हता, तर त्यांच्या पोटातल्या जिवाणूंत होता. हवाईच्या शेळ्यांच्या पोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिला आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. त्या जिवाणूला १९९२ साली जोन्स यांच्याच नावावरून 'सिनर्जिस्टिस जोन्साय' हे नाव मिळाले. रवंथ करणाऱ्या प्राण्याला चारा घालायचा म्हणजे आधी त्याच्या पोटातल्या जिवाणूंना घालायचा. चारा एकदम बदलला तर ते गडबडतात. हरणांना प्रेमाने पोळ्या नि धान्य घालणारे लोक त्यांच्या पोटात आम्ल वाढवून त्यांना मारू शकतात, तेही याच कारणाने.

विदर्भात या सगळ्यापेक्षा शहाणपणाचा एक प्रयत्न झाला आहे. मेळघाटात २०००नंतर कोहा, कुंड, बोरी यांसारखी गावे जंगलाबाहेर वसवली गेली. त्यांची शेते मोकळी पडली. नुसती सोडून दिली असती तर तिथे तरोटा, रानतुळस आणि घाणेरी माजली असती. वन विभागाने तिथे कुरणे तयार करण्याचे काम घेतले, डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारख्या गवततज्ज्ञांनी त्यात मार्गदर्शन केले. पद्धत साधी, पण कष्टाची. तण फुलावर येण्याआधी हाताने उपटायचे. नंतर उपटले तर बी पडून गेलेले असते. हे सलग काही वर्षे करायचे. आसपासच्या जंगलातल्या चांगल्या गवताचे बी पिकल्यावर गोळा करायचे आणि पावसाच्या तोंडावर टाकायचे. एकच जात लावायची नाही, कारण सगळी एकाच वेळी वाळतात. सांबरासाठी कडेला झाडोरा ठेवायचा, कारण तो पाला जास्त खातो. चितळ पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात पाला, फुले, फळे खातो. हरणे आपण होऊन आली. त्यांच्या मागे वाघही आला. ही कुरणे ज्यांच्या शेतांवर उभी आहेत त्या कुटुंबांचे पुढे काय झाले, हा प्रश्न गवताच्या कोणत्याही यादीत बसत नाही, पण इतिहास लिहायचा तर तोही लिहावा लागेल.

आता पुन्हा तळवडे. तिथे हरणे आपण होऊन यायला शिल्लक रान नाही. चहूबाजूंनी रस्ते आणि कारखाने आहेत. आणली तर ती कुंपणातच राहणार, आणि कुंपणातल्या हरणांची बाग कायद्याने प्राणिसंग्रहालयच ठरते. मग बारा महिने चारा बाहेरून कापून आणावा लागणार. दाटीने ठेवलेल्या कळपात रोग शिरला तर काय होते ते पुण्यात २०२५ च्या जुलै महिन्यात दिसले. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात लाळ्या-खुरकुताने पंधराहून अधिक चितळ गेले. हरणे न आणता तिथे पवन्या, मारवेल, डोंगरी वाढवून गायरानाचा एखादा तुकडा जुन्या रूपात राखता येईल का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात ससे, मुंगसे, चंडोल, फुलपाखरे येतील. पाहायला येणाऱ्यांना ती हरणांइतकी भावणार नाहीत, हेही खरे.

शाळेच्या आवारात किंवा गावच्या माळावर यातला एक भाग करून पाहता येतो. जिथे शेळ्या-गुरे चरतात अशा जागी मे महिन्याच्या शेवटी एक मीटर लांबी-रुंदीचा जाळीचा पिंजरा पक्का रोवावा. बाजूलाच तेवढाच चौकोन चार खुंट्यांनी आखून उघडा सोडावा. पावसाळाभर दर पंधरवड्याला दोन्ही चौकोनांत कोणकोणती गवते उगवली, त्यांची उंची किती आणि कोणते आधी फुलावर आले याची नोंद मुलांनी ठेवावी. ऑक्टोबरात दोन्हींतले गवत कापून, वाळवून वजन करावे. पहिल्या वर्षी फरक फक्त वजनात दिसेल. पिंजरा त्याच जागी राहू द्यावा. गवताच्या जाती बदलू लागतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे पाचवीत हा प्रयोग सुरू करणारी मुले सहावी-सातवीत गेल्यावर.